आधी जखम, मग रॉड

नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलं, की हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जमलेल्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. रॉड टाकणार की रिंग लावणार? रॉड इंपोर्टेड आहे ना? टायटॅनियमचा मिळत असेल तर तोच टाका, पैशाचं आम्ही बघतो. डॉक्टरांनी बाहेरून सळ्या लावायच्या म्हटलं की चेहरे उतरतात, आणि तेवढ्यात कुणाला तरी यूकेतला भाचा आठवतो. त्याला फोन लागतो. तो डॉक्टर असो की सॉफ्टवेअर इंजिनिअर, निकाल एकच: ‘इकडे असलं काही लावत नाहीत, इकडे सरळ रॉड.’ झालं! त्या क्षणापासून इथला सर्जन एक तर मागासलेला ठरतो, नाही तर लुटारू. हा समज आता नातेवाइकांपुरता उरलेला नाही. सुशिक्षितांच्या गप्पांत, विम्याच्या चर्चेत आणि काही सर्जनांच्या बोलण्यातही तो सिद्धान्ताच्या थाटात मिरवतो. त्याचं म्हणणं असं: उघड्या फ्रॅक्चरचा निकाल धातू लावतो. हाडाच्या पोकळीत जाणारा रॉड म्हणजे प्रगती, प्लेट म्हणजे तडजोड आणि पायाबाहेरचा सांगाडा म्हणजे गरिबांचा, सरकारी दवाखान्यांचा, गेलेल्या काळाचा उपाय. पुरावा काय? तर एडिनबरा. पुण्यामुंबईच्या पाट्यांवर सर्जनच्या नावापुढे ‘एफआरसीएस (एडिन.)’ वाचत दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या, त्यामुळे त्या गावाचं नाव घेतलं की वाद मिटला असं आपल्याला वाटतं. ठीक आहे. एडिनबराचीच साक्ष काढू.

एडिनबराच्या रॉयल इन्फर्मरीत नडगीच्या फ्रॅक्चरवर जेवढं बारकाईनं काम झालं तेवढं जगात फार थोड्या ठिकाणी झालं, हे खरंच. चार्ल्स कोर्ट-ब्राऊन आणि मार्गारेट मॅक्वीन ही नावं ऑर्थोपेडिक्सचा कुठलाही रेसिडेंट ओळखतो. १९९१ साली या दोघांनी सहकाऱ्यांसह ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’च्या ब्रिटिश आवृत्तीत एक शोधनिबंध छापला. उघड्या फ्रॅक्चरची तीव्रता ठरवणाऱ्या गस्टिलो वर्गीकरणातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या ४१ फ्रॅक्चरमध्ये त्यांनी हाडाची पोकळी कोरून वर-खाली स्क्रूंनी अडकवलेला ग्रोस-केम्फ रॉड घातला होता. त्या काळात हे धाडसच होतं. अशा जखमांना बाहेरून फिक्सेटर लावायचा हा शिरस्ता होता, आणि याच विभागानं आदल्या वर्षी तिसऱ्या प्रकारच्या फ्रॅक्चरमधले फिक्सेटरचे स्वतःचे निष्कर्षही छापले होते. रॉडच्या भक्तांनी १९९१चा निबंध वाचला असता तर बरं झालं असतं. त्यात म्हटलंय काय? हाड जुळायला लागलेला वेळ फिक्सेटरच्या पूर्वीच्या निष्कर्षांइतकाच. जंतुसंसर्गाचं प्रमाणही तसंच. फरक पडला तो दोन ठिकाणी: पाय वाकडा जुळण्याचं प्रमाण घटलं आणि हाडाचं कलम करायची वेळ कमी रुग्णांवर आली. हे फायदे लहान नाहीत. वाकडा जुळलेला पाय माणसाला जन्मभर छळतो. पण ज्या गोष्टीनं पाय मुळात जातो त्या गोष्टीला, म्हणजे हाडात पू होण्याला, रॉडनं हातही लावला नाही. ज्या शहराचा दाखला देऊन रॉडला तारणहार म्हणायचं, त्याच शहरानं त्याची मर्यादा तीसहून अधिक वर्षांपूर्वी मोजून ठेवली आहे. दाखला देणाऱ्यांनी तो निदान एकदा वाचावा, ही अपेक्षा फार झाली का?

असं का होतं हे कळायला आपल्याच नडगीवरून बोट फिरवावं. पुढच्या आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं; मधे मांसाचा थर नाही. मांडीचं हाड चहूबाजूंनी स्नायूंत गुंडाळलेलं असतं, नडगी मात्र एका बाजूनं उघडीच. हाडाला रक्त दोन वाटांनी मिळतं, आतून पोकळीतल्या रक्तवाहिन्यांतून आणि बाहेरून लगतच्या मांसातून व हाडावरच्या पातळ आवरणातून. ट्रकखाली पाय आला किंवा मोटारसायकल दुभाजकावर आदळली की बाहेरची वाट अपघातातच उद्ध्वस्त होते. मग पोकळी कोरून रॉड घातला तर आतल्या वाटेलाही धक्का बसतो. प्लेट लावायची तर हाडावरचं उरलंसुरलं आवरण खरवडावं लागतं. बाहेरून पिना मारल्या तर दोन्ही वाटा बऱ्याच वाचतात, पण प्रत्येक पिनेभोवती जंतूंना नवी वाट मिळते. म्हणजे प्रत्येक धातू काही तरी देतो आणि काही तरी घेतो. रक्त मात्र यातला एकही देत नाही. ते येतं जिवंत मांसातून, आणि मांस जिवंत आहे की मेलेलं हे ठरवून मेलेलं काढून टाकणं, हेच या शस्त्रक्रियेचं काळीज आहे. ते काम दिसायला अगदीच साधं. जखम लांबवायची आणि स्नायूचा एकेक पदर चिमट्यात धरून चार गोष्टी बघायच्या: रंग कसा आहे, बोटांना घट्ट लागतो की लिबलिबीत, टोचल्यावर आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. हाडाचा सुटा तुकडा चिमट्यानं ओढून बघायचा. सहज हातात आला तर त्याचा मांसाशी संबंध तुटलेला आहे, तो मेला, तो टाकायचा. टाकताना जीव वर-खाली होतो, कारण मागे पोकळी राहणार असते. भित्रा सर्जन तो तुकडा ठेवतो, वरून सुंदर रॉड घालतो, एक्स-रे देखणा येतो, नातेवाईक खूश होतात. काही महिन्यांनी त्याच तुकड्याभोवती पू साचतो. दोष कुणाचा, रॉडचा?

धातूइतकीच यंत्रांचीही हौस आपल्याला आहे, आणि तिचीही पुराव्यानं वाट लागली आहे. जखम धुवायला जोरदार फवाऱ्याचं महागडं यंत्र हवं, नुसतं सलाईन ओतून काय होणार, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१५ साली ‘फ्लो’ नावाच्या बहुराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या उघड्या फ्रॅक्चरच्या जखमा वेगवेगळ्या दाबानं धुऊन पाहिल्या. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमाणात दाबानं फरक पडला नाही, आणि साबणाच्या पाण्यापेक्षा साधं सलाईनच सरस ठरलं. पुढे २०१८ साली ब्रिटनमधल्या ‘वुल्फ’ चाचणीत ४६० रुग्णांपैकी निम्म्यांच्या जखमांवर हवा शोषून घेणारं व्हॅक्यूम ड्रेसिंग आणि निम्म्यांच्या जखमांवर साधं ड्रेसिंग केलं. वर्षभरानं दोन्ही गट अपंगत्वाच्या मोजपट्टीवर सारखेच निघाले. उपकरण विकणाऱ्यांना हे निष्कर्ष फारसे रुचले नसणार. पण जखमेच्या बाबतीत पुन्हापुन्हा हाच अनुभव येतो: नीट कापणं आणि नीट झाकणं याला विकत मिळणारा पर्याय नाही.

या बाबतीत एडिनबराशी जोडलेलं सगळ्यात मोठं नाव रॉडचं नव्हेच. जोसेफ लिस्टर १८६९ साली तिथे क्लिनिकल सर्जरीचा प्राध्यापक झाला, आणि १८७७ साली लंडनला गेला. एडिनबरात प्राध्यापक होण्याआधीच ग्लासगोत त्यानं जे केलं होतं त्यानं शस्त्रक्रियेचा इतिहास फिरला होता. ऑगस्ट १८६५. जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा, गाडीचं चाक पायावरून गेलेलं, नडगी मोडलेली आणि जखम उघडी. त्या काळी अशा जखमेत पू व्हायचा, ताप चढायचा आणि पाय कापूनही माणूस जायचा. लिस्टरनं जखमेला कार्बोलिक आम्ल लावलं, त्यात भिजवलेल्या कापडानं ती झाकली आणि पायाला खपच्या बांधल्या. जखमेत पू झाला नाही, साधारण सहा आठवड्यांत हाड जुळलं. १८६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यानं जी लेखमाला लिहिली तिच्यात अशी अकरा फ्रॅक्चरं होती. त्यांतल्या एकातही रॉड नव्हता, प्लेट नव्हती, रिंग नव्हती. यावर कुणी म्हणेल, मग काय आता खपच्या बांधायच्या? अर्थातच नाही. पण ज्या शोधामुळे उघड्या फ्रॅक्चरचे पाय वाचू लागले तो शोध जखमेचा होता, हाड धरणाऱ्या वस्तूचा नव्हता. आणि पुढे हाडात धातू घालायची हिंमत सर्जनांना झाली तीही या शोधाच्याच जोरावर.

‘तो इतिहास झाला, आज तिथे रॉडच टाकतात ना?’ हा पुढचा सवाल. टाकतात. कधी टाकतात, हे मात्र भाच्यानं फोनवर सांगितलेलं नसतं. ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशननं उघड्या फ्रॅक्चरसाठी २००९ साली मानकं काढली आणि २०१७ साली सुधारली. ती एका पानावर मावतात आणि त्यांत कुठल्या कंपनीचा कुठला रॉड याबद्दल चकार शब्द नाही. आहे ते असं: अपघातानंतर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक. कॅज्युअल्टीत जखमेची वरवर धुलाई करायची नाही. जखमेचा फोटो काढायचा, सलाईनमध्ये भिजवलेला गॉज ठेवून वरून चिकट पातळ आवरण लावायचं, आणि ऑपरेशन थिएटरपर्यंत उठसूट कुणी ते उघडून बघायचं नाही. शेतातली माती, गटाराचं पाणी असं काही जखमेत गेलं असेल तर लगेच थिएटरमध्ये. जोराच्या अपघातातलं फ्रॅक्चर १२ तासांच्या आत, बाकीची २४ तासांच्या आत. जखम साफ करताना ऑर्थोपेडिक आणि प्लास्टिक सर्जन दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. जखम कायमची झाकायचं काम ७२ तासांच्या आत. आणि ज्या वाक्यावर आपल्या सगळ्या रॉडवाद्यांनी थोडा वेळ थांबावं ते हे: कायमचं आतलं फिक्सेशन तेव्हाच करावं, जेव्हा त्याच्या पाठोपाठ लगेच जखम कायमची झाकता येणार असेल. म्हणजे जखम झाकायला मांस आणि कातडी तयार नसेल तर ब्रिटनचाच नियम रॉडला दाराबाहेर थांबवतो, आणि तोपर्यंत पाय धरून ठेवायला काय लावतात? बाहेरून फिक्सेटर. तोच, जो ‘इकडे लावत नाहीत’.

एडिनबराच्या कामाची ही बाजू कागदावरही उघड दिसते. १९९१च्या त्या निबंधाच्या लेखकांत क्वाबा हे प्लास्टिक सर्जन आहेत. १९९६ साली कोर्ट-ब्राऊन, मॅक्वीन आणि क्वाबा यांनी मिळून उघड्या फ्रॅक्चरवर आख्खा ग्रंथ संपादित केला: दोन हाडांचे डॉक्टर, एक मांसाचा. बरं, एडिनबरात हे दोन विभाग एका छताखाली होते म्हणून जमलं, असंही नाही. त्या भागाची प्लास्टिक सर्जरी शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या लिव्हिंग्स्टन गावात, सेंट जॉन्स हॉस्पिटलात आहे. तरीही मधल्या रस्त्याचं निमित्त करून कुणी जखम उघडी ठेवली नाही. आपल्याकडे शहरातल्या शहरात, एकाच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या प्लास्टिक सर्जनला आठव्या दिवशी बोलावतात, तेही जखमेतून हाड काळं पडलेलं दिसू लागल्यावर. आणि मग चर्चा कशावर होते? रॉड स्वदेशी होता म्हणून असं झालं का, यावर.

रॉडवाद्यांकडे एक भक्कम हत्यार आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या वीस मोठ्या ट्रॉमा केंद्रांनी नडगीच्या गंभीर उघड्या फ्रॅक्चरच्या २६० रुग्णांत आधुनिक रिंग फिक्सेटर आणि आतलं फिक्सेशन यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. २०२२ साली निष्कर्ष आले: वर्षभरात पायाची किमान एक मोठी गुंतागुंत होण्याची शक्यता रिंगच्या गटात ६२ टक्के, आतल्या फिक्सेशनच्या गटात ४४ टक्के. ‘आता बोला!’ बोलतो. पहिली गोष्ट, हा फरक मुख्यतः आला तो हाडाची जुळणी बिघडण्यामुळे. खोल जंतुसंसर्गाच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हताच. एडिनबरानं ४१ फ्रॅक्चरवर १९९१ साली जे लिहिलं तेच वीस केंद्रांनी एकतीस वर्षांनी पुन्हा लिहिलं: रॉड पाय सरळ ठेवतो, पू थांबवत नाही. २०२० साली टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये २४० रुग्णांवर अशीच चाचणी झाली, तीही श्रीमंत देशाच्या सोयी नसलेल्या हॉस्पिटलात. रॉडच्या गटाचे पाय अधिक सरळ जुळले आणि सुरुवातीचे आठवडे सुखाचे गेले, पण वर्षाअखेर मृत्यू किंवा पुन्हा मोठ्या शस्त्रक्रियेच्या प्रमाणात ठोस फरक सिद्ध झाला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या वीस केंद्रांत जखम झाकू शकणारा माणूस हजर होता. ती अट गाळून फक्त टक्केवारी उचलायची आणि तालुक्याच्या गावी, जिथे फ्लॅप, म्हणजे जिवंत मांस-कातडीचा तुकडा आणून जखम झाकणं, करणारं कुणी नाही, तिथे रॉडचा आग्रह धरायचा, याला पुराव्याधारित वैद्यक म्हणायचं की पुराव्याची चोरी?

आता दुसऱ्या छावणीकडेही वळायला हवं, नाही तर त्यांना उगाच आनंद होईल. ‘उघड्या जखमेत आत धातू घालणं म्हणजे जंतूंना आमंत्रण, बाहेरची चौकट कशी सुरक्षित’, असं शपथेवर सांगणारेही कमी नाहीत. यांची चूक तीच, फक्त उलट्या बाजूनं. जंतू धातूची वाट बघत बसत नाहीत. ते मेलेल्या मांसावर जगतात. जखम नीट साफ झाली आणि ७२ तासांत जिवंत मांसानं झाकली गेली तर आतला रॉड पचतो. युगोस्लाव्हियात मार्को गोदिना यानं ७२ तासांच्या आत फ्लॅप केलेल्या आणि त्यानंतर केलेल्या जखमांची तुलना १९८६ साली प्रसिद्ध केली तेव्हापासून लवकर झाकण्याचा फायदा ठाऊक आहे. लवकर झाकलेल्या जखमा सगळ्याच कसोट्यांवर पुढे होत्या. सडलेल्या जखमेवर कितीही सुबक फिक्सेटर लावला तरी ती सडतच राहते. उलट कित्येक ठिकाणी फिक्सेटर हे आळसाचं आवरण होऊन बसलं आहे: लावला, ड्रेसिंग चालू ठेवलं, तीन महिने गेले, पिनांतून पाणी यायला लागलं, फिक्सेटर काढून प्लास्टर घातलं, आणि पाय वाकडा. फिक्सेटर तात्पुरता असेल तर पुढची तारीख त्याच दिवशी ठरायला हवी, आणि कायमचा असेल तर तो तशा ताकदीनं, तशा आखणीनं लावायला हवा. ‘बघू पुढे’ हा फिक्सेशनचा प्रकार नव्हे.

रिंगला मागासलेली म्हणणाऱ्यांनी एकदा इटलीतल्या लेको गावची गोष्ट वाचावी. कार्लो मौरी हा तिथला नावाजलेला गिर्यारोहक, साहसी दर्यावर्दी थोर हेयरडालबरोबर ‘रा’ बोटीवरून अटलांटिकवर गेलेला. त्याचा मोडलेला पाय पश्चिम युरोपातल्या उपचारांनी वर्षानुवर्षं बरा झाला नाही. १९८० साली तो सैबेरियातल्या कुर्गानला गाव्रिल इलिझारोवकडे गेला, तिथे रिंग लावली गेली, आणि परतला तो चालत. त्यानंतर पश्चिमेनं इलिझारोवला व्याख्यानाला बोलावलं. हाडाचा मोठा तुकडा गमावलेल्या नडगीत, हाड एका जागी कापून रोज पाव-पाव मिलिमीटरच्या चार फेऱ्यांनी, दिवसाला एक मिलिमीटर असं सरकवत पोकळी भरून काढणं ही त्या तंत्राची किमया. महिन्यामागून महिने पाना फिरवायचा, रोज पिना स्वच्छ ठेवायच्या. रुग्णाचा आणि घरच्यांचा अंत बघणारं काम. पण रॉडनं ही पोकळी एकट्यानं भरून दाखवावी! आपल्याच अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी या तंत्राचं केंद्र उभं केलं, आणि मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी बारीक तारा आणि छोट्या पकडींची स्वस्त, हलकी ‘जेस’ फिक्सेटर पद्धत काढली जी हात आणि पावलांच्या गुंतागुंतीच्या कामात देशभर वापरली जाते. ज्या तंत्रात मराठी मातीतल्या सर्जनांनी भर घातली, त्याचीच आपल्याला लाज वाटावी, आणि तीही यूकेच्या फोनमुळे?

रॉडची दुसरी बाजूही कुणी सांगत नाही. ज्या कोर्ट-ब्राऊनच्या नावावर रॉड विकला जातो, त्यानंच १९९७ साली नडगीत रॉड घातलेल्या १६९ रुग्णांची पाहणी छापली: निम्म्याहून अधिक जणांना गुडघ्यापुढे दुखणं उरलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांना गुडघे टेकताना. स्कॉटलंडमध्ये गुडघे टेकायची वेळ माळीकाम करणाऱ्यावर आणि चर्चमध्ये जाणाऱ्यावर येत असेल. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून भाजी निवडणाऱ्या, शेतात निंदणी करणाऱ्या माणसाला गुडघा लागतो तो रोजच्या जगण्यासाठी. मॅक्वीननं तर नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये स्नायूंच्या कप्प्यांतला दाब सतत मोजून, ११६ रुग्णांच्या आधारे, १९९६ साली दाखवलं की खालचा रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांत पाऱ्याच्या ३० मिलिमीटरचं अंतर उरलं नाही तर कप्पा उघडायला हवा. जखम उघडी आहे म्हणून आतला दाब आपोआप मोकळा होतो, हा समज खोटा आहे, आणि कप्पा उघडायला उशीर झाला तर स्नायू मरतो, मग आत कुठला रॉड आहे याला काडीचं महत्त्व उरत नाही. या कामाबद्दल फोनवरच्या भाच्यानं काही विचारलं का? आणि एक बोचरी गोष्ट. टायटॅनियमसाठी भांडणारे हेच नातेवाईक वॉर्डाबाहेर रुग्णाला सिगारेट नेऊन देतात. अमेरिकेतल्या लीप अभ्यासात, धूम्रपान चालू असलेल्यांचं नडगीचं उघडं फ्रॅक्चर जुळण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी दिसली आणि जंतुसंसर्गाची शक्यता दुपटीहून जास्त. एवढा फरक पोलादाच्या जागी टायटॅनियम आणून पाडून दाखवावा कुणी.

शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: ‘हे एडिनबरात ठीक, आमच्या जिल्ह्यात प्लास्टिक सर्जन नाही, ७२ तासांत कुठून आणू?’ याचं उत्तर शोधायला युरोपात जावं लागत नाही. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलात दोघे भाऊ, डॉ. राजशेकरन अस्थिशल्यचिकित्सक आणि डॉ. राजा सबापती प्लास्टिक सर्जन, यांनी हे काम भारतीय रस्त्यांवरच्या, भारतीय मातीनं माखलेल्या पायांवर करून दाखवलं. २००६ साली त्यांच्या गटानं जी गुणपद्धती प्रसिद्ध केली तिच्यात कातडीला, हाडाला आणि स्नायू-मज्जातंतूंना एक ते पाच गुण, आणि रुग्णाच्या इतर अडचणींना प्रत्येकी दोन. १४ पर्यंत गुण असतील तर पाय वाचवायचा, १७ किंवा जास्त असतील तर बहुधा कापायचा, मधल्यांत अनुभवानं ठरवायचं. या सगळ्या गणितात धातूला एकही गुण नाही. आणि ज्या गावात प्लास्टिक सर्जन नाही तिथल्या सर्जनला काय करायचं हेही स्पष्ट आहे: अँटिबायोटिक द्या, जखम झाका, नीट विचार करून, पुढच्या फ्लॅपच्या वाटेत पिना येणार नाहीत असा साधा फिक्सेटर लावा, आणि रुग्ण पुढे पाठवा. लीप अभ्यासात जखम पहिल्यांदा साफ करायला किती तास लागले याचा जंतुसंसर्गाशी संबंध आढळला नाही, पण रुग्ण अंतिम उपचाराच्या केंद्रात किती लवकर पोचला याचा आढळला. लंडनच्या चॅरिंग क्रॉसमधल्या २००६च्या अभ्यासातही आधी बाहेरच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया होऊन उशिरा आलेल्यांचे हाल अधिक होते. म्हणजे घाईनं रॉड टाकून ‘आम्हीही करतो’ हे दाखवण्यापेक्षा वेळेवर पाठवणं हे मोठं कौशल्य आहे. पण त्याला ना पैसे मिळतात ना शाबासकी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय किंवा खासगी विम्यात काय, पैसे मिळतात ते शस्त्रक्रियेचं नाव लिहून. दोन सर्जनांनी एकत्र बसून घेतलेल्या निर्णयाची ओळ बिलात कुठे बसते?

ही व्यवस्था बदलावी म्हणून सरकारला जाब विचारायला हवा, आणि विमा कंपन्यांनाही. पण तोवर व्हरांड्यातल्या नातेवाइकांचा प्रश्न तरी बदलला पाहिजे. रॉड कुठला, हे विचारू नका. विचारा की जखम साफ करताना प्लास्टिक सर्जन टेबलाशी असणार आहे का, आणि तीन दिवसांच्या आत ती जिवंत मांसानं झाकली जाणार आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टर रॉड घालोत, रिंग लावोत, प्लेट बसवोत, त्यांच्या हिशेबात ढवळाढवळ करू नका. उत्तर ‘नाही’ असेल, तर इंपोर्टेड रॉडची चौकशी तिथेच थांबवा, त्याच डॉक्टरांना तात्पुरता फिक्सेटर लावून चिठ्ठी लिहून द्यायला सांगा, आणि अँब्युलन्स बोलवा.